कामाची धूळ आणि छाती : वाचकांचे प्रश्न

कारखान्यांत, बांधकामाच्या साइटवर आणि छोट्या गाळ्यांत काम करणाऱ्या मुंबईच्या वाचकांकडून धुळीच्या आजारांबद्दल प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रांत आधी लक्षणं, मग औषधं आणि काम काय करतो हे शेवटच्या ओळीत होतं. काहींनी ते लिहिलंच नव्हतं. या आजारांत क्रम उलटा लागतो. कोणता माल, कोणतं यंत्र, किती वर्षं, हे आधी कळलं तरच पुढच्या एक्स-रेला अर्थ येतो. निवडक प्रश्न थोडे आटोपते करून देत आहोत.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय २९) सहा वर्षांपासून किचनचे ओटे बसवतो. आधी ग्रॅनाइट होतं, आता बहुतेक क्वार्ट्झ. कटिंग फ्लॅटमध्ये, नाहीतर बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये होतं. तोंडाला रुमाल बांधतो. अजून त्याला काही त्रास नाही. काळजी करावी का?
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : करावी, आणि त्रास नाही तोवरच करावी.

दगडातल्या स्फटिकी सिलिकामुळे फुप्फुसात गाठी धरतात, त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. कोणत्या दगडात सिलिका किती, त्यावर धोका ठरतो. संगमरवरात ती अगदी थोडी असते, ग्रॅनाइटमध्ये साधारण तीस टक्के. ‘क्वार्ट्झ’ म्हणून विकला जाणारा कृत्रिम दगड दळलेली सिलिका रेझिनमध्ये दाबून करतात. त्यात ती नव्वद टक्क्यांच्या वर जाऊ शकते. ग्रॅनाइटवर पंधरा-वीस वर्षांनी दिसणारा आजार या दगडावर पाच-दहा वर्षांत, कधी त्याआधीही दिसतो. तिशी-पस्तिशीतले कारागीर आजारी पडू लागल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडाचं उत्पादन, विक्री आणि वापर बंद केला. आपल्याकडे तो सर्रास बसतो. त्यामुळे तुमच्या भावाची ग्रॅनाइटची वर्षं आणि क्वार्ट्झची वर्षं वेगवेगळी मोजा.

कटिंग करताना पांढरा लोट दिसतो त्याचा बराचसा भाग जाड कणांचा असतो. तो नाकात-घशात अडकतो आणि शिंकेतून, थुंकीतून बाहेर पडतो. फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात ते पाच मायक्रॉनच्या आसपासचे आणि त्याहून बारीक कण. केसाची जाडी सत्तरेक मायक्रॉन असते, त्यावरून अंदाज घ्या. एक मायक्रॉनचा सिलिकाचा कण माणसाच्या उंचीवरून स्थिर हवेत खाली यायला पाचेक तास लागतात. म्हणजे मशीन बंद झालं, लोट बसला, भावाने रुमाल सोडून चहा घेतला, तेव्हाही खोलीत तोच माल तरंगत असतो. शेजारच्या खोलीतला पुट्टीवाला आणि वायरमनही तो ओढत असतात.

रुमाल हे कण अडवत नाही, ओला केला तरी नाही. सर्जिकल मास्कच्या कडांतून हवा शिरते. मास्क आयएस ९४७३ या मानकाचा, एफएफपी-२ किंवा त्यावरच्या दर्जाचा आणि डोक्यामागे दोन पट्टे येणारा घ्यावा. कानात अडकवायचा मास्क गालावर नीट बसत नाही. दाढीचे खुंट असतील तर कितीही महाग मास्क गळतो. नाकपट्टी दोन्ही हातांनी दाबून बसवायची, मग जोरात श्वास सोडून कडेने हवा जाते का पाहायचं. मुंबईच्या दमटपणात मास्क दुपारपर्यंत ओला होतो. श्वास ओढायला जड वाटू लागला की बदला, धुऊन पुन्हा वापरू नका. इतकं सगळं केलं तरी असा मास्क धूळ साधारण दहाव्या हिश्शावर आणतो. समजा, कोरड्या कटिंगमध्ये हवेतली सिलिका मर्यादेच्या पन्नासपट गेली, तर मास्कच्या आत ती पाचपट उरते. म्हणून कोरडं कटिंग चालू ठेवून मास्कवर भिस्त ठेवता येत नाही.

खरा उपाय पाण्याचा आहे, आणि तोही नीट केला तर. मदतनीस बाटलीतून अधूनमधून पाणी ओततो त्याचा फारसा उपयोग नाही. धार ब्लेड दगडाला भिडतं तिथेच आणि सलग पडली पाहिजे. हातातल्या कटरला मिनिटाला किमान अर्धा लिटर धरा, म्हणजे पाच लिटरचा कॅन दहा मिनिटांत संपतो. पाण्याची नळी जोडायची सोय असलेले मार्बल कटर मिळतात. साध्या ग्राइंडरवर पाणी सोडू नका, तो त्यासाठी बनलेला नसतो आणि शॉक लागून जीव जाऊ शकतो. पाण्याचं काम ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागेच (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) करावं, वायरचे जोड जमिनीपासून वर टांगावेत. शक्य असेल तेव्हा ओट्याचं माप काढून सिंक आणि शेगडीचे कटआउट दुकानातल्या पाण्याच्या मशीनवर करून आणा. साइटवर फक्त बसवणं आणि जोड भरणं उरलं पाहिजे. रखडतं ते इथेच, कारण भिंत काटकोनात नसते आणि ‘एक सूत घासून देतो’ म्हणत ग्राइंडर कोरडाच चालतो. ते एक सूतही ओलंच घासायचं.

खाली साचलेला रबडा ओला असतानाच पिशवीत भरा. तो वाळला की त्याची पुन्हा धूळ होते, मग झाडू किंवा ब्लोअर मारला तर केलेलं सगळं वाया जातं.

भावाचा छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसाची ताकद मोजणारी चाचणी, आत्ताच करून ठेवा. क्वार्ट्झचं काम असल्याचं छातीच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. साधा एक्स-रे सुरुवातीच्या गाठी चुकवू शकतो, त्यामुळे ते सीटी स्कॅन सुचवतील तर टाळू नका.

प्रश्न : आमच्या कंपनीत शिफ्ट सुटताना गूळ वाटतात. गुळाने छातीतली धूळ उतरते हे खरं का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : गूळ अन्ननलिकेत जातो, धूळ श्वासनलिकेत. घशाला चिकटलेली जाड धूळ गुळाबरोबर गिळली जाते आणि घसा मोकळा वाटतो, समज आला तो तिथून. लखनौमध्ये १९९० च्या दशकात उंदरांवर केलेल्या एका प्रयोगात गुळाचा थोडा परिणाम दिसल्याचं प्रसिद्ध झालं होतं, पण गूळ खाणाऱ्या कामगारांना धुळीचे आजार कमी होतात असा पुरावा नाही. केळी आणि दूध यांचंही तेच. आवडत असेल तर खा, मधुमेह असेल तर तेही नको. मात्र गूळ वाटणाऱ्या कंपनीत धूळ ओढणारा पंखा चालू आहे का, हे एकदा बघून या.

प्रश्न : माझे यजमान (वय ४६) साकीनाक्याजवळच्या फाउंड्रीत १७ वर्षं आहेत, बहुतेक काळ फेटलिंगला. दोनदा टीबीचा पूर्ण कोर्स झाला. थुंकीत एकदाही जंतू सापडले नाहीत. आता जिना चढताना धाप लागते. डॉक्टर तिसऱ्यांदा कोर्स सुरू करू म्हणतात. कंपनी म्हणते, बिडीमुळे झालं.
— एक वाचक, कुर्ला

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘फेटलिंग’ आहे, आणि केसपेपरवर बहुधा तो नसेल. ओतकाम झालेल्या नगाला चिकटलेली जळकी वाळू घासून काढणं म्हणजे फेटलिंग. साच्याची वाळू म्हणजे सिलिकाच. फाउंड्रीत नॉकआउट, म्हणजे साचा फोडून नग बाहेर काढणं, आणि फेटलिंग ही खाती सगळ्यात धुळीची.

सिलिकोसिसच्या गाठी आणि टीबीचे डाग एक्स-रेवर दोन्ही प्रामुख्याने फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात. कामाचा इतिहास न विचारता फिल्म पाहिली तर आपल्याकडे पहिलं नाव टीबीचंच येतं. फरक ओळखायला जुन्या फिल्म लागतात. टीबीचे डाग महिन्यांत बदलतात, औषधाने कमी होतात. सिलिकोसिसच्या बारीक गोल गाठी दोन्ही बाजूंना सारख्या असतात, वर्षानुवर्षं सावकाश वाढतात आणि टीबीच्या औषधाने हलत नाहीत. घरातल्या सगळ्या फिल्म आणि रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा आणि पूर्ण गठ्ठा घेऊन केईएम, सायन, नायर किंवा जे. जे. रुग्णालयाच्या छातीविकार विभागात जा. थुंकीची सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय चाचणी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची) तपासणी झाली होती का, निकाल काय आला, ते विचारा. एक्स-रे आयएलओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या, वर्गीकरणाप्रमाणे वाचून लेखी द्यावा अशी विनंती करा. त्यात गाठींची दाटी ०/० ते ३/३ च्या आसपासच्या आकड्यांत नोंदवतात, आणि पुढे दाव्यासाठी तो आकडा कामी येतो.

पण थुंकीत जंतू नाहीत म्हणून टीबी नाहीच असं धरून स्वतःच्या मनाने औषध थांबवू नका. टीबीचे जंतू गिळून मारणाऱ्या पेशीच सिलिकाचे कण गिळतात आणि मरतात. त्या मरताना सोडतात त्या द्रव्यांनी व्रण धरतो, म्हणून काम सोडल्यावरही आजार पुढे सरकत राहतो. पेशींची ही फळी मोडल्यामुळे सिलिकाच्या धुळीतल्या माणसाला टीबी होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो. दोन्ही आजार एकत्र असू शकतात, तेव्हा टीबीची औषधं नेहमीपेक्षा जास्त काळ द्यावी लागतात. तिसरा कोर्स घ्यायचा की नाही हे गठ्ठा पाहिलेल्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. टीबी नाही असं निघालं तर सुप्त टीबीची चाचणी आणि प्रतिबंधक औषध याबद्दल विचारा.

सिलिकोसिस बरा करणारं औषध नाही. व्रण वेगाने वाढत असेल तर तो मंदावणारी औषधं काही रुग्णांना देतात. दरवर्षी फ्लूची लस, न्यूमोकॉकल लस, श्वसनाचे व्यायाम, गरज पडली तर ऑक्सिजन, आणि त्या खात्यातून कायमचं बाहेर पडणं, एवढं हातात असतं. पगार टिकवून दुसऱ्या खात्यात बदली मागा. बिडी सोडायलाच हवी, कारण सिलिका आणि धूर मिळून कर्करोगाचा धोका वाढवतात. पण बिडीने सिलिकोसिसच्या गाठी होत नाहीत, हे कंपनीलाही ठाऊक असतं.

आता कागदांचं. सिलिकोसिस कारखाना कायदा, १९४८ च्या तिसऱ्या परिशिष्टात होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा घेतलेल्या २०२० च्या कामगार सुरक्षा व आरोग्याच्या संहितेतही आहे. तो आढळला की डॉक्टरांनी सरकारला कळवायचं असतं. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. त्याचं मुंबईतलं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवनात आहे. यजमानांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापलं जात असेल तर दावा ईएसआयकडेच करायचा. वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा लाभ मिळतो. ईएसआय नसेल तर नुकसानभरपाईचा दावा लावायचा. त्यासाठीच्या १९२३ च्या कायद्याची जागा नोव्हेंबर २०२५ मध्ये २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. तिथे दोन वर्षांची मुदत असते, पण निदानच चुकलं होतं हे दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो. यजमान ठेकेदाराकडे असतील आणि ठेकेदार हात वर करत असेल, तरी ज्याच्या आवारात नेहमीचं काम चालतं त्या मूळ मालकावर दावा टाकता येतो. पगाराच्या पावत्या, ईएसआय कार्ड आणि पीएफचं पासबुक आजच जमा करा. पासबुकात कोणत्या कंपनीने कोणत्या महिन्यात पैसे भरले ते दिसतं, आणि हजेरीचा मस्टर ‘गहाळ’ झाल्यावर तेवढंच हाती उरतं.

प्रश्न : वडील (वय ७६) लालबागच्या गिरणीत १९६८ पासून संपापर्यंत ब्लोरूमला होते. तेव्हा सोमवारी छाती भरून यायची, असं ते सांगतात. आता घरातल्या घरात चालतानाही दम लागतो. एक्स-रे ‘नॉर्मल’ आहे. हा गिरणीचाच आजार का? भरपाई मिळेल का?
— एक वाचक, डिलाईल रोड

उत्तर : रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी छाती आवळणं ही बिसिनोसिसची, म्हणजे कापसाच्या धुळीच्या आजाराची, ठळक खूण आहे. कापसाच्या बोंडाच्या कचऱ्यावर वाढणाऱ्या जिवाणूंतलं एन्डोटॉक्सिन त्याला मुख्यतः कारणीभूत धरतात. कापसाच्या गाठी फोडणारं ब्लोरूम आणि त्यापुढचं कापूस विंचरणारं कार्डिंग, या दोन खात्यांत ते सगळ्यात जास्त. सुरुवातीला त्रास फक्त सोमवारी होतो, मग मंगळवार-बुधवारीही, आणि शेवटी आठवडाभर. तोवर श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या असतात. चौदा वर्षं ब्लोरूमला काढल्यावर हे संभवतं. एक्स-रेत बिसिनोसिसची स्वतःची अशी खूण नसते, त्यामुळे ‘नॉर्मल’ने काही सिद्ध होत नाही. मात्र या वयात हृदयाचा आजारही असाच दम देतो. ईसीजी आणि टू-डी इको करून घ्या.

सोमवारची ती हकिकत डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्या. स्पायरोमेट्री करा. उपचार आता दीर्घकालीन श्वासरोगाचे, म्हणजे सीओपीडीचेच राहतील, इनहेलर आणि श्वसनाचे व्यायाम. इनहेलर वापरण्याची पद्धत कुणीतरी समोर बसून तपासली पाहिजे, कारण निम्मं औषध जिभेवरच राहतं अशी तक्रार रोजची आहे.

भरपाईबद्दल खोटी आशा दाखवत नाही. बिसिनोसिस कायद्याच्या यादीत आहे, पण १९८२ च्या संपाला चार दशकं उलटल्यावर बंद गिरणीविरुद्धचा दावा उभा राहणं फार अवघड आहे. वडिलांनी पुढे ईएसआय असलेल्या ठिकाणी काम करून निवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल आणि किमान पाच वर्षं विमा असेल, तर वर्षाला १२० रुपये भरून त्यांना आणि आईंना ईएसआयचे उपचार मिळू शकतात, ते नक्की तपासा. गिरणी कामगारांच्या घराच्या अर्जासाठी सांभाळलेला गिरणीचा लाल पास, तिकीट नंबर आणि हजेरीचे कागद यांच्या प्रती केसपेपरबरोबर ठेवा. खातं कोणतं होतं त्याचा पुरावा तिथेच आहे.

प्रश्न : ओशिवऱ्याला माझा फर्निचरचा छोटा वर्कशॉप आहे. पॅनल सॉ आणि लाकूड कोरायचे दोन राउटर. माल एमडीएफ आणि प्लाय. २ एचपीचा डस्ट कलेक्टर घेतला. पहिले तीन महिने छान चालला, आता सगळीकडे बारीक भुकटी बसते. विकणारा म्हणतो, मोठा कलेक्टर घ्या.
— एक वाचक, जोगेश्वरी

उत्तर : आधी आहे तो तपासा. नवा घेतलात तरी यातल्या चुका त्याच्याबरोबर येतील.

पहिली शंका पिशवीवर. सोबत येणारी कापडी पिशवी बहुतेकदा जाड विणीची असते, भुसा अडतो आणि एमडीएफची भुकटी आरपार जाऊन खोलीतच परत येते. म्हणजे कलेक्टर सर्वांत धोकादायक धूळ गोळा करून तुमच्या नाकाच्या उंचीवर सोडतो आहे. तीच पिशवी आतून चोंदली की ओढ कमी होते. तीन महिन्यांनी फरक पडला, यावरून बहुधा हेच. एक मायक्रॉनची पिशवी किंवा प्लीटेड कार्ट्रिज लावा, रोज काम संपल्यावर ती झटका, आणि शक्य असेल तर कलेक्टर गाळ्याबाहेर ठेवा.

दुसरं पाइप. लाकडाची धूळ पाइपात न बसता वाहून न्यायला हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर लागतो. चार इंची पाइपात त्यासाठी तासाला पावणेसहाशे घनमीटर हवा ओढावी लागते. तिन्ही मशीनची तोंडं एकदम उघडी असतील तर ती हवा तिघांत वाटली जाते, वेग पडतो, भुसा आडव्या पाइपात बसतो आणि भोक आणखी लहान होतं. प्रत्येक फांदीला झडप लावा आणि चालू मशीनचीच उघडी ठेवा. रेषांचा लवचिक पाइप गुळगुळीत पाइपापेक्षा दुप्पट-तिप्पट अडथळा करतो. तो मशीनजवळ हातभरच ठेवा, बाकी पत्र्याचा किंवा पीव्हीसीचा सरळ. पीव्हीसी वापरलात तर स्थिर वीज जाण्यासाठी तांब्याची तार ओढून अर्थ करा.

तिसरं तोंडाचं अंतर. सहा इंची तोंडापासून सहा इंच लांब गेलात की ओढीचा वेग तोंडाशी होता त्याच्या दहाव्या हिश्शावर येतो. राउटरचं हूड ‘हाताला अडतं’ म्हणून कारागिराने वर सरकवलं असेल, तर खाली काहीच ओढलं जात नसतं. अगरबत्तीचा धूर बिटाजवळ धरून पाहा.

चौथं, मोटर अलीकडे दुरुस्त झाली किंवा मीटर बदलला असेल तर पंख्याची फिरण्याची दिशा बाणाशी जुळते का पाहा. थ्री-फेजच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की हा पंखा उलटा फिरूनही हवा ओढतो, फक्त बरीच कमी, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

संध्याकाळी कॉम्प्रेसरने कपडे आणि मशीन उडवणं मात्र आजपासून बंद करा. दिवसभरात बसलेली धूळ त्याने मिनिटभरात पुन्हा हवेत येते, आणि ठिणगी मिळाली तर भुकटीचा भडका उडतो. व्हॅक्यूम वापरा.

लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणारी म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या (आयएआरसी) पहिल्या गटात आहे. हा कर्करोग नाकाच्या आणि त्यालगतच्या पोकळ्यांचा असतो. तुमच्याकडच्या कुणाला एकाच नाकपुडीचा चोंदलेपणा आठवडे टिकला किंवा त्यातून रक्त आलं, तर सर्दी म्हणून न सोडता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवा.

प्रश्न : दादरला आमची पिठाची गिरणी आहे. चार वर्षांपासून दमा झालाय, इनहेलर चालू आहे. गणपतीत दहा दिवस कोकणात जातो तेव्हा इनहेलर लागतच नाही. हवापालटाने होत असेल का?
— एक वाचक, दादर

उत्तर : हवापालटापेक्षा पीठ सुटल्याने होत असावं. गव्हाच्या पिठाची, काही ठिकाणी त्यातल्या किडींची, ॲलर्जी होऊन येणारा दमा जगभर बेकरी आणि गिरणीवाल्यांत दिसतो. नक्की करायला साधा पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकेचा वेग मोजणारी नळी, घ्या. गिरणी चालू असताना दोन आठवडे आणि सलग सुट्टीत दहा-बारा दिवस, रोज चार वेळा फुंका: उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी, झोपताना. प्रत्येक वेळी तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहायचा, मीटर तोच ठेवायचा. इनहेलर कधी घेतला तेही लिहा, आणि तो स्वतःहून बंद करू नका. कामाच्या दिवसांत आकडे खाली, सुट्टीत वर, असा आलेख निघाला तर तो छातीच्या डॉक्टरांना दाखवा. गव्हाच्या ॲलर्जीची रक्तचाचणी ते सांगतील.

धंदा सोडा असं सांगणं सोपं आहे. पण हा दमा लवकर ओळखून पीठ टाळलं तर सुटण्याची शक्यता जास्त, वर्षानुवर्षं तसाच ओढला तर कायमचा होतो, हे लक्षात ठेवून ठरवा. तोवर दळणाच्या तोंडाशी बांधलेली कापडी बाही थेट डब्याच्या आत जाऊ द्या. डबा आपटू नका, फडकं झटकू नका, ओल्या कपड्याने पुसा. दळण दुसऱ्याने करावं, तुम्ही वजन आणि पैसे सांभाळा. पाटांना टाकी मारताना पीठ नसतं, दगडाची धूळ असते, आणि दगडाच्या जातीप्रमाणे त्यात सिलिका असू शकते. ते काम बाहेर, दगड ओला करून, एफएफपी-२ मास्क लावून करावं.

प्रश्न : कंपनीत दरवर्षी फुंकण्याची टेस्ट होते. रिपोर्टवर फक्त ‘फिट’ लिहितात. यावर विसंबावं का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : ‘फिट’वर नाही, आकड्यांवर. रिपोर्टमधला एफईव्ही-१, म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा, दरवर्षी वहीत लिहा. तिशीनंतर तो वर्षाला साधारण २५ ते ३० मिलिलिटरने कमी होणं वयाचं आहे. धुळीत तो दुप्पट वेगाने घसरू शकतो. समजा, नोकरीला लागताना तुमचा आकडा ४.२ लिटर, अपेक्षेच्या ११५ टक्के होता. दहा वर्षांत तो ३.२ वर आला तरी अपेक्षेच्या पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास राहील, आणि कागदावर ‘फिट’च. पण लिटरभर हवा गेलेली असते. वयाची घट वजा करून १५ टक्क्यांहून अधिक घसरण दिसली तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा.

टेस्टही नीट व्हायला हवी. निदान सहा सेकंद फुंकणं, तीन चांगले प्रयत्न आणि सर्वांत मोठ्या दोन आकड्यांत १५० मिलिलिटरच्या आतला फरक. रांगेत उभं करून एकेक फुंक घेतली असेल तर तो आकडा सोडून द्या.

आणि हवेच्या मोजणीचा रिपोर्टही मागा. मोजणारं यंत्र भिंतीवर ठेवून चालत नाही. छोटा पंप कमरेला आणि सॅम्पलर कॉलरला, नाकाजवळ, पूर्ण शिफ्ट लावायचा असतो. जुन्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात सिलिका असलेल्या बारीक धुळीची मर्यादा सूत्राने यायची: धुळीत सिलिका किती टक्के त्यात दोन मिळवायचे आणि त्याने दहाला भागायचं. तीस टक्के सिलिका असेल तर दर घनमीटरला ०.३१ मिलिग्रॅम धूळ, म्हणजे सुमारे ०.०९ मिलिग्रॅम सिलिका. अमेरिकेने २०१६ मध्ये सिलिकाची मर्यादा ०.०५ केली. म्हणजे ‘मर्यादेत आहे’ असा शेरा असला तरी आकडा बघायला हवा. अशी मोजणी सायनची केंद्रीय श्रम संस्था करते, कंपनीला तिथून करून घेता येते.

प्रश्न : आमच्या शेडवर सिमेंटचे जुने पत्रे आहेत. पावसाआधी काही बदलायचे आहेत. कामगार ग्राइंडरने कापतो म्हणतो. चालेल का?
— एक वाचक, शिवडी

उत्तर : नाही. जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे आहेत असंच धरा. अख्खा पत्रा फारसा धोकादायक नाही, कापला, भोक पाडलं, फोडला की त्याचे तंतू सुटतात, आणि त्यांनी होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग वीस ते चाळीस वर्षांनी दिसतो. पत्रे आधी साबणाच्या पाण्याने दोन्ही बाजूंनी भिजवा, बोल्ट हातपान्याने सोडा, गंजून अडला तर बोल्टच कापा. पत्रा आपटू नका, खाली फेकू नका, अख्खा दोरीने उतरवा. जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून चिकटपट्टी लावा, वर ‘ॲस्बेस्टॉस’ लिहा, आणि डेब्रिजच्या गाडीत न मिसळता महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसमध्ये विल्हेवाटीबद्दल विचारा. पत्र्यावर थेट पाय देऊ नका. जुने पत्रे पायाखाली फुटून माणूस खाली येतो, त्यामुळे आडव्या फळ्या टाकून त्यांवर चाला. काम करणाऱ्यांचे कपडे तिथेच ओले करून पिशवीत भरा. ते घरी नेऊन झटकले तर धुणाऱ्याच्या छातीत जातात.